पंचेचाळीस आकृत्या

नाशिकच्या न्यायालयात मी सव्वीस वर्षं लघुलेखक होतो. साहेब सांगतील ते टिपून घ्यायचं, मग टंकून त्यांच्यापुढे ठेवायचं. एवढ्या वर्षांत हजारो पानं हाताखालून गेली आणि एक गोष्ट पक्की लक्षात राहिली. खटल्याच्या कागदांत ‘कोण’, ‘कधी’, ‘कुठे’ आणि ‘कशाने’ यांना भरपूर जागा असते. ‘का’ मात्र कोपऱ्यात उभा असतो. कायद्याला इरादा लागतो, म्हणजे मारायचंच होतं की चुकून लागलं, एवढंच. हेतू सिद्ध झाला तर उत्तम; पण डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार भक्कम असेल तर हेतूवाचून शिक्षेचं काही अडत नाही. इतिहासाचा नाद मला लागला तो बहुधा या कोपऱ्यातल्या ‘का’मुळे. माझी पदवी वाणिज्य शाखेची. इतिहासात गुरू कोणी नाही. जे वाचलं ते वाचनालयांच्या आणि रद्दीवाल्यांच्या कृपेने.

तीन वर्षांपूर्वी गावातल्याच एका महाविद्यालयात जॅक्सनच्या वधावर बोलायला गेलो होतो. नाशिककरांना ही कथा पाठ असते. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, बदली झालेल्या कलेक्टरच्या निरोपानिमित्त ‘शारदा’चा प्रयोग, आणि अठरा वर्षांच्या अनंत लक्ष्मण कान्हेरेंच्या पिस्तुलाच्या गोळ्या. भाषण संपलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘सर, हेच आज कोणी केलं तर आपण त्याला दहशतवादी म्हणू. मग कान्हेरेंना का म्हणत नाही?’’

सभागृह गप्प. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आणि चहा तयार असल्याचं जाहीर केलं. चहा घेताना एक गृहस्थ माझ्यावर उखडले, असले प्रश्न विचारूच कसे देता म्हणाले. दुसरे एक हळूच म्हणाले, तुम्ही उत्तर टाळलंत. दुसऱ्यांचं खरं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

*

सुरुवात शब्दापासून करतो, पण तिथे फार रेंगाळणार नाही. ‘दहशत’ आपल्याकडे फारसीच्या वाटेने आली. माझ्या आजीच्या बोलण्यात दहशत असायची ती नेहमी वरच्याची: मास्तरांची, मामलेदाराची, सासूची. मास्तरांची दहशत नसेल तर शाळा बिघडली, असं तिचं मत. गंमत अशी की युरोपातही हा शब्द आधी वरच्यांनाच लागला. १७९३-९४ मध्ये फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने गिलोटिनच्या बळावर जे राज्य चालवलं, त्याला ‘दहशत’ हे नाव पडलं. रोबेस्पिएर पडल्यावर त्याच्या माणसांना ‘टेररिस्ट’ ही शिवी मिळाली. पहिले दहशतवादी सत्तेवर होते.

पुढे रशियात हा शब्द खाली उतरला. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नारोदनाया वोल्या’ या गुप्त संघटनेतल्या तरुणांनी तो आपणहून, अभिमानाने धारण केला. मार्च १८८१ मध्ये त्यांनी झार दुसरा अलेक्झांडर याला बाँबने मारलं. आपल्याकडे त्या वेळी मराठी वर्तमानपत्रं अशा कृत्यांना ‘अत्याचार’ म्हणत, करणाऱ्यांना ‘अत्याचारी’ किंवा ‘अराजक’. म्हणून तर गांधीजींचा असहकार मराठीत ‘अनत्याचारी’ झाला. इंग्रज सरकारच्या कायद्यांत ‘टेररिस्ट’ हा शब्द ठसठशीतपणे आला तो १९३२ च्या बंगालच्या कायद्यात. मग १९३७ साली जिनिव्हाला राष्ट्रसंघाने दहशतवादाविरुद्ध जगातला पहिला आंतरराष्ट्रीय करार केला. तीन वर्षांपूर्वी युगोस्लाव्हियाच्या राजाचा मार्सेयला खून झाला होता, त्याचा हा परिणाम. चोवीस देशांनी सह्या केल्या. त्याला रीतसर मान्यता मात्र एकाच देशाने दिली. तो देश म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान! करार कधी अमलात आलाच नाही. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

व्याख्येचं घोडं तेव्हा अडलं ते अडलंच. अॅलेक्स श्मिड या अभ्यासकाने १९८४ मध्ये दहशतवादाच्या व्याख्या गोळा केल्या, तर त्या १०९ भरल्या. व्याख्या ठरल्याशिवाय आत जायचं नाही असं म्हटलं तर जन्म उंबरठ्यावरच जाईल. म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे एक कागद हाती धरला आणि तो कुठून कुठे गेला हे पाहत निघालो.

*

तो कागद नाशिकचा आहे. १९०९ च्या मार्च महिन्यात बाबाराव, म्हणजे गणेश दामोदर सावरकर, यांच्या घराची झडती झाली. तीत पोलिसांना इंग्रजीत दाट टंकलेली पानं सापडली. बाँब तयार करण्याची ती माहिती होती, आणि सोबत बाँब, सुरुंग, इमारती अशा पंचेचाळीस आकृत्या. आदल्या वर्षी, मे १९०८ मध्ये, कलकत्त्याच्या माणिकतळा बागेवर छापा पडला होता. तिथे अरविंद घोषांचे बंधू बारींद्र आणि त्यांचे सोबती पकडले गेले आणि तिथेही असाच एक दस्तऐवज मिळाला होता. दोन्ही ताडून पाहिल्यावर सरकारच्या लक्षात आलं की मजकूर एकच. नाशिकची प्रत उलट जास्त पूर्ण होती.

कलकत्ता आणि नाशिक यांच्यामधला दुवा होता पॅरिस. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले होते. एका जहाल भाषणापायी शिष्यवृत्ती गेली. पुढे ते पॅरिसला पोहोचले. मेदिनीपूरकडचे हेमचंद्र दास कानुनगो हेही तिथेच होते. तिथल्या एका रशियन निर्वासित क्रांतिकारकाकडून या मंडळींना ही विद्या आणि ती लिहिलेली पुस्तिका मिळाली. रशियनमधून तिचं भाषांतर झालं, नकला निघाल्या, सामानातून त्या हिंदुस्थानात आल्या. बाबारावांच्या घरात आणखी एक वस्तू मिळाली, तिच्याकडे आपले इतिहासकार फारसे पाहत नाहीत. टॉमस फ्रॉस्ट या इंग्रज लेखकाचं १८७६ चं, युरोपातल्या गुप्त मंडळ्यांवरचं पुस्तक. त्यात जागोजाग खुणा केलेल्या होत्या. गुप्त संघटना छोट्या वर्तुळांत कशी बांधायची, हे नाशिकची तरुण मंडळी लंडनच्या एका लेखकाकडून शिकत होती. धाकटे बंधू विनायकराव यांनी केलेलं मॅझिनीच्या चरित्राचं भाषांतर १९०७ मध्ये बाहेर पडलं होतंच.

आता ही माणसं शेजारी शेजारी उभी करून पाहा. रशियन तरुण बहुतेक निरीश्वरवादी, शेतकऱ्याला जमीन मिळावी म्हणून झारशाही उलथायला निघालेले. कलकत्त्याची मुलं गीता हाती घेऊन शपथ घेत. नाशिकच्या मुलांपुढे शिवछत्रपती. मॅझिनीला इटली एक करायची होती. एकाचं तत्त्वज्ञान दुसऱ्याच्या घरात दोन दिवस नांदलं नसतं. पण पंचेचाळीस आकृत्या मात्र सगळीकडे नांदल्या. त्यांना भाषांतर पुरलं, धर्मांतर लागलं नाही. दहशतवादाच्या अभ्यासात आपण विचारसरणी खोदत बसतो आणि हे विसरतो की विचारसरणी जागच्या जागी राहते, पद्धत प्रवास करते. नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं, तारायंत्राने बातमी दुसऱ्या दिवशी जगभर जाऊ लागली, आगबोटींनी माणसं आणि ट्रंका हलवल्या. या तीन गोष्टींवाचून त्या काळातला दहशतवाद समजत नाही.

टिळकांना हे लख्ख दिसलं होतं. ९ जून १९०८ च्या ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखात त्यांचा मुद्दा असा की बंदुकीला कारखाना लागतो, म्हणून शस्त्रबंदीचा कायदा करून प्रजा निःशस्त्र करता येते. बाँब हे ज्ञान आहे, आणि ज्ञानाला जप्ती लागू होत नाही. आदल्याच दिवशी सरकारने स्फोटक पदार्थांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन नवे कायदे केले होते. त्यांना उद्देशूनच हा लेख होता.

*

पण पद्धत हाती आली म्हणून कोणी उठून बाँब टाकत नाही. आकृत्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. मग कारण कुठे शोधायचं?

मी दोन प्रसंग शेजारी ठेवतो. जुलै १८७७, सेंट पीटर्सबर्गचा तुरुंग. राज्यपाल त्रेपोव तपासणीला आला असता बोगोल्युबोव नावाच्या कैद्याने टोपी काढली नाही म्हणून त्याला फटके मारले गेले. सहा-सात महिन्यांनी वेरा झासूलिच ही तरुणी अर्ज द्यायच्या निमित्ताने त्रेपोवच्या कचेरीत गेली आणि तिने त्याच्यावर गोळी झाडली. तो वाचला. तिची आणि बोगोल्युबोवची ओळखसुद्धा नव्हती. दुसरा प्रसंग १९०७ चा, कलकत्त्याचा. मॅजिस्ट्रेट किंग्जफर्ड यांनी सुशील सेन या पंधरा वर्षांच्या मुलाला पंधरा फटक्यांची शिक्षा दिली. पुढच्या वर्षी, ३० एप्रिल १९०८ रोजी, मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी किंग्जफर्डची समजून एका बग्गीवर बाँब टाकला.

दोन्हीकडे फटके. दोन्हीकडे उघड्यावर झालेला देहाचा अपमान, आणि त्यावर दाद मागायला जागा नाही. गरिबी हे दहशतवादाचं कारण, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पुराव्यात बसताना दिसत नाही. माणूस उपाशी असतो तेव्हा धान्याचं दुकान फोडतो. राजकीय खुनाच्या वाटेला जातो तो बहुधा अपमान पाहिलेला, शिकलेला, आणि ज्याचा अर्ज कुणी घेतलेला नाही असा.

पुण्याची गोष्ट याच चौकटीत पाहावी लागते, आणि ती तर या आकृत्यांच्या दहा वर्षं आधीची. १८९६ च्या अखेरीस प्लेग पुण्याला आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमाने, या कायद्याखाली सद्‌भावनेने काम करणाऱ्यावर दावा लावायची सोय काढून घेतली. (२०२० साली टाळेबंदीत हाच कायदा पुन्हा बाहेर निघाला तेव्हा मी ते कलम शोधून वाचलं होतं.) वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचा अध्यक्ष झाला. घरं तपासायला गोरे सोजीर आले. देवघरात बूट, बायकांची उघड्यावर तपासणी, सामानाची होळी. साथ खरी होती, माणसं मरत होती, आणि काही उपाय आजच्या वैद्यकालाही पटतील असे होते. पण तक्रार करायची कुठे? ती घेणारा आणि जिच्यावर तक्रार तो, एकच.

इथे गोखल्यांची आठवण काढायलाच हवी. त्या वर्षी ते विलायतेत होते. सोजिरांनी स्त्रियांवर बलात्कार केल्याचं पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथे जाहीर सांगितलं. परत आल्यावर पुरावा जमेना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मला त्या माफीत एका अभ्यासकाची शिस्त दिसते. अन्याय खरा असला तरी त्यातला सगळ्यात भयंकर तपशील खरा असतोच असं नाही. आणि पिस्तूल उचलणारा त्या तपशिलावरच उठतो.

२२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. बाळकृष्णाने मारलेली गोळी लेफ्टनंट आयर्स्टला लागली. तो जागीच गेला. रँड ३ जुलैला. दामोदरपंतांनी तुरुंगात आपली हकीगत स्वतः लिहून ठेवली आहे. मी ती तीनदा वाचली. प्लेग त्यात येतो, पण बराच नंतर. आधी येते लष्करात शिरण्याची फसलेली धडपड, मुलांना जमवून केलेले व्यायामाचे खेळ, मुंबईत राणीच्या पुतळ्याला फासलेलं डांबर, आणि सुधारकांबद्दलचा भडकलेला राग. त्यांचे आधीचे काही घाव आपल्याच माणसांवर पडले होते. प्लेग आला नसता तर हे बंधू स्वस्थ बसले असते, असं ते वाचून वाटत नाही. आणि चापेकर नसते तर प्लेगने पुण्यात राजकीय खून झाला असता, असंही वाटत नाही. लाखभर लोकांनी तो छळ सोसला. शस्त्र उचललं मोजक्या चौघा-पाच जणांनी. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात दूरची कारणं आणि ठिणगी असा फरक केला आहे. मी त्यात आपल्या अनुभवातली एक गोष्ट घालतो: मधे एक छोटी खोली लागते. चार-सहा सवंगडी, एकमेकांना दिलेला शब्द, आणि मागे फिरलो तर तोंड कसं दाखवू ही लाज.

डेव्हिड रॅपोपोर्ट यांनी दहशतवादाच्या चार लाटा सांगितल्या आहेत: अराजकवादी, वसाहतविरोधी, नवडावी आणि १९७९ नंतरची धार्मिक. मांडणी सुबक आहे. पण चापेकर कुठल्या लाटेत बसवायचे? १८९७ साली ते धर्मासाठीही मारत होते आणि परक्या राज्याविरुद्धही. लाटा मोजणाऱ्यांनी आमच्या गणेशखिंडीचा रस्ता पाहिलेला नसावा.

*

आता सरकारची बाजू. ‘का’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला सरकारनेही माणसं बसवली होती. डिसेंबर १९१७ मध्ये न्यायमूर्ती रौलट यांची समिती नेमली, एप्रिल १९१८ मध्ये तिचा अहवाल आला. त्याचं पहिलंच प्रकरण मुंबई इलाख्याचं आणि त्याची सुरुवात पुण्याची. सगळं काही गणेशोत्सव, शिवजयंती आणि चित्पावन ब्राह्मण यांच्यापासून सुरू झालं, असा एकूण सूर. माणसाची जात सांगितली की कारण सांगून झालं, ही समजूत सरकारी कागदात तेव्हापासून मुरलेली आहे. फक्त पुढे जातीधर्मांची नावं बदलत गेली. शेवटी एक तक्ता आहे: बंगालमध्ये १९०७ ते १९१७ या काळात क्रांतिकारक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या १८६ जणांचं वय, जात आणि धंदा. त्यांत ६८ विद्यार्थी होते; २१ ते २५ या वयाचे ७६. तक्ता उपयोगाचा आहे. पण त्यात ‘अर्ज फेटाळला’ असा रकाना नाही.

‘का’चं उत्तर सरकारबाहेरच्या माणसाने दिलं तर काय होतं, ते १९०८ मध्ये दिसलं. मुझफ्फरपूरच्या बाँबनंतर १२ मे रोजी टिळकांनी ‘देशाचे दुर्दैव’ लिहिला. दोन निरपराध स्त्रियांबद्दल हळहळ आणि आपला देशही रशियासारखा होत चालल्याचं दुःख सुरुवातीलाच आहे. पुढे कारणमीमांसा: अनियंत्रित नोकरशाही आणि न ऐकलेलं लोकमत. याबद्दल राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती दावर, ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल सात विरुद्ध दोन. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. कारण सांगणं म्हणजे समर्थन करणं, असं त्या दिवशी न्यायालयाने ठरवलं. तो समज अजून गेलेला नाही. माझ्या भाषणानंतर उखडलेल्या गृहस्थांचा समज याच्या उलट टोकाचा, पण त्याच जातीचा होता: प्रश्न विचारणं म्हणजे अपमान करणं.

झासूलिचला रशियन ज्यूरीने निर्दोष सोडलं होतं. त्यानंतर झारने राजकीय खटले ज्यूरीपुढून काढून घेतले. आपल्याकडे डिसेंबर १९०८ मध्ये कायदा झाला: अशा खटल्यांत ज्यूरी नाही, उच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती थेट निकाल देतील. कान्हेरेंचा खटला त्याच कायद्याखाली चालला. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. खून ते फाशी, चार महिने. माझ्या नोकरीत एवढ्या वेळात साधा मुद्देमालाचा अहवाल आल्याचं आठवत नाही. बाँबच्या पुस्तिकेप्रमाणे सरकारी बंदोबस्ताचीही नक्कल होत होती. १९१९ च्या रौलट कायद्याने तेच आणखी ताणलं आणि त्याविरुद्धच्या असंतोषात जालियनवाला बाग झाली. १३ एप्रिल १९१९ ला तिथे दहशत बसवायला कोण उभं होतं, हे सांगायला नको. शब्द पुन्हा वर चढला होता.

*

इथपर्यंत लिहून मी महिनाभर थांबलो. कारण ‘का’च्या मागे धावताना माझ्याकडूनही तेच झालं जे सगळ्यांकडून होतं. मेलेली माणसं मागे पडली.

मुझफ्फरपूरच्या बग्गीत किंग्जफर्ड नव्हतेच. बॅरिस्टर प्रिंगल केनेडी यांची पत्नी आणि मुलगी होत्या. आयर्स्टशी चापेकरांचं काहीही वैर नव्हतं. १ जुलै १९०९ ला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला मारलं, तेव्हा मध्ये पडलेले डॉक्टर कावस लालकाका हे पारशी गृहस्थही गेले; त्यांना मारायचं मनात नव्हतं, असं धिंग्रांनी सांगितलं. आणि द्रविड बंधू. रँडच्या मारेकऱ्यांची माहिती देणाऱ्याला सरकारने वीस हजारांचं इनाम लावलं होतं. गणेश शंकर द्रविडने माहिती दिली. फेब्रुवारी १८९९ मध्ये त्याला आणि त्याच्या भावाला, पोलिसांनी बोलावलंय असं सांगून रात्री घराबाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. वासुदेव चापेकर, रानडे आणि बाळकृष्ण मे १८९९ मध्ये आठवड्याभरात फाशी गेले. चिंचवडला चापेकरांचं स्मारक आहे, ते असायलाच हवं. द्रविडांचं घर मी पुण्यात दोन दिवस पेठांतून विचारत हिंडलो. कुणालाच ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, ‘‘फितुराचं घर शोधून काय करणार?’’ मला उत्तर सुचलं नाही. त्याची बायको असेल, मुलं असतील, त्या रात्री दाराशी कंदील धरून कुणी उभं असेल, एवढंच मनात होतं.

रशियन मंडळींनी यावर आपापसात विचार केला होता. फेब्रुवारी १९०५ मध्ये मॉस्कोत इव्हान काल्यायेव ग्रँड ड्यूक सर्गेईवर बाँब टाकायला उभा होता. गाडीत ड्यूकची पत्नी आणि लहान मुलं दिसली. त्याने हात मागे घेतला. दोनच दिवसांनी ड्यूक एकटा असताना त्याने तो टाकला आणि फासावर गेला. त्याहून मोठी गोष्ट १८८१ ची. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड गोळी लागून वारले, तेव्हा ज्यांनी सहाच महिन्यांपूर्वी झारला मारलं होतं त्या ‘नारोदनाया वोल्या’च्या कार्यकारिणीने जाहीर निषेध केला. त्याचा आशय असा की जिथे लोकांच्या इच्छेने कायदे होतात आणि राज्यकर्ते निवडले जातात, तिथे राजकीय खून हीच जुलूमशाही होय. तिच्याविरुद्धच आपण रशियात लढतो आहोत.

मागच्या बाकावरच्या मुली, तुझ्यासाठी मी याहून चांगली कसोटी शोधू शकलो नाही. कान्हेरेंची पद्धत दहशतीचीच होती. हे लिहिताना माझा हात अडखळतो, पण लिहितो. एका अधिकाऱ्याला मारून बाकीच्यांना धाक बसवायचा, हाच हिशेब होता. ज्याला मत नाही, वकील नाही, वर्तमानपत्र नाही अशा प्रजेतला तो मुलगा होता. बाबारावांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि तो खटला सत्र न्यायालयाकडे जॅक्सननेच पाठवला होता. मतपेटी असलेल्या देशात तेच करणारा कान्हेरेंचं नाव घेऊन उभा राहू शकत नाही. आणि १२ मार्च १९९३ ला मुंबईत बारा ठिकाणी ज्यांनी स्फोट केले, त्यांच्याशी तर तुलनाच नको. २५७ माणसं गेली, त्यांतल्या एकालाही कुणी नावाने निवडलं नव्हतं. कान्हेरेंनी एकाला निवडलं. पण तो एक कोण होता, हेही मला तुला त्या दिवशी सांगायला हवं होतं.

*

त्याआधी बापटांबद्दल दोन ओळी, कारण आकृत्या आणणारा माणूस वाटेत सोडून देता येत नाही. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि ‘सेनापती’ झाले. तिथला लढा बराचसा सत्याग्रहाचा. तरी १९२४ मध्ये त्यांनी बांधकामाची आगगाडी शस्त्रानिशी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. जीव घ्यायचा नाही, पण वेळ पडली तर इजा करायची, अशी त्यांची स्वतःची मधली वाट होती. गांधींना ती पटण्यासारखी नव्हती, रशियनांनाही नसती पटली. हाच माणूस रोज सकाळी हाती झाडू घेऊन रस्ता झाडत असे.

जॅक्सन. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन. संस्कृत आणि मराठी जाणणारा. लोक त्याला ‘पंडित’ म्हणत. त्याने इलाख्यातल्या खेडोपाड्यांच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवल्या होत्या: तुमच्या गावी पाऊस पडावा म्हणून काय करतात, दृष्ट कशी काढतात, ग्रामदैवत कोणतं, भुतं कोणकोणती. उत्तरं येऊन पडली आणि तो मारला गेला. ती टिपणं पुढे एंथोवेनने संपादून छापली. त्यांत कोकणाचा एक स्वतंत्र भाग आहे. मला त्याची छायाप्रत मिळाली तेव्हा मी आधी चाळली, मग सावकाश वाचली. वेताळ, मुंजा, मीठमोहरी ओवाळून टाकणं. माझी आजी रत्नागिरीकडची, तिच्या तोंडून ऐकलेलं सगळं तिथे इंग्रजीत होतं. प्रत्येक टिपणाखाली गाव आणि तिथले शाळामास्तर. रत्नागिरी जिल्ह्यातली गावं पुष्कळ आहेत.

कान्हेरेंचं मूळ गाव त्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं. ज्या काळात तो मुलगा वाढत होता, त्याच काळात आसपासच्या एखाद्या गावी कुणी मास्तर रात्री दिव्याशी बसून साहेबासाठी वेताळाची माहिती लिहून काढत होता.